क्यू म्हणजे काय?

गेल्या वर्षी वार्षिक परीक्षेच्या निकालाच्या दिवसांत माझ्यावर एक प्रसंग ओढवला. प्रसंग तसा फार मोठा नव्हे; पण त्या पाच मिनिटांत माझ्या तोंडचे पाणी पळाले आणि पुढे कित्येक दिवस मी एका अक्षराच्या मागे लागले, म्हणून तो सांगावासा वाटतो.

आमच्या शाळेत एक जुना संगणक आहे. इतका जुना की, हल्लीच्या रंगीबेरंगी खिडक्या उघडायचे म्हटले की त्याला धाप लागते. माझ्या भाच्याने तो एकदा तपासला आणि म्हणाला, "मावशी, याला हा भार सोसणार नाही. मी याला हलकं करून देतो." त्याने त्यात लिनक्स घातले आणि समोर नुसता काळा पडदा ठेवला. त्या पडद्यावर चित्रे नाहीत, माउसचे काम नाही. एक लहानशी खूण लुकलुकत असते. तिच्यापुढे आज्ञा लिहायची आणि एंटरची कळ दाबायची, की यंत्र सांगितलेले काम करते. या व्यवस्थेला 'शेल' म्हणतात, म्हणजे कवच. आत यंत्रणेचा गाभा आणि बाहेर माणसाशी बोलणारे हे कवच. हे नाव लुई पूझाँ या फ्रेंच तंत्रज्ञाने १९६० च्या दशकाच्या मध्यावर दिले. मला हा काळा पडदा पुढे आवडू लागला. फळ्याशी त्याचे काही नाते असावे!

त्या दिवशी मी मुलांची नावे आणि गुण इंग्रजी अक्षरांत त्यात भरत होते. एकशेचाळीस नावे. संध्याकाळपर्यंत यादी पाठवायची होती. शंभरावर नावे झाली आणि माझ्या ध्यानात आले की, अजून एकदाही आपण मजकूर जतन केलेला नाही. कार्यालयातल्या दुसऱ्या संगणकावर कंट्रोल आणि एस या कळा एकदम दाबल्या की मजकूर जतन होतो. बोटांनी सवयीने तेच केले, आणि पडदा गोठला. लुकलुकणारी खूण तशीच. मी एक कळ दाबली, दुसरी दाबली, घाबरून दहावीस दाबल्या. काही म्हणता काही उमटेना. शेवटी मनाचा हिय्या करून वीज बंद करायला हात पुढे केला.

"बाई, थांबा! बंद नका करू!"

हजेरीपुस्तक घेऊन आलेली सातवीतली एक मुलगी दारात उभी होती. तिने पुढे होऊन कंट्रोल आणि क्यू या दोन कळा दाबल्या. त्यासरशी मी घाबरून बडवलेली सारी अक्षरे भराभर पडद्यावर आली आणि त्यांच्या वर माझी शंभर नावे सुखरूप दिसली.

"हे तुला कोणी शिकवलं?"

"दादानं. कंट्रोल-एस दाबलं की थांबतं, कंट्रोल-क्यू दाबलं की पुन्हा सुरू होतं. एस म्हणजे स्टॉप, बाई."

"बरं. मग क्यू म्हणजे काय?"

ती विचारात पडली. "ते दादालाही माहीत नाही," ती म्हणाली.

दादा मोठ्या शहरात संगणकाच्याच नोकरीत आहे. त्याला माहीत नाही आणि मलाही माहीत नाही! मुलाने 'का' म्हणून विचारले आणि उत्तर ठाऊक नसले, तर 'तसंच असतं' म्हणून त्याला गप्प करू नये, हा मी स्वतःला घालून दिलेला नियम आहे. म्हणून मी शोधू लागले. त्या शोधात जे हाती आले, ते आज वाचकांपुढे ठेवते आहे.

या गोष्टीचा आरंभ तारेपासून करावा लागतो. आपल्याकडची तारसेवा १५ जुलै २०१३ रोजी बंद झाली, त्यामुळे आजच्या मुलांना तार म्हणजे काय ते सांगावेच लागते. आम्हा पन्नाशीकडे झुकलेल्यांना मात्र अजून आठवते : तार करायची म्हणजे शब्द तोलूनमापून लिहायचे, कारण पैसे शब्दांवर पडत. 'येतो', 'निघा', 'सुखरूप'. एवढ्यात एका घरची सारी खबर मावत असे. शब्द महाग झाला की भाषा आटोपशीर होते. हे सूत्र वाचकांनी लक्षात ठेवावे. पुढे उपयोगी पडेल.

फ्रान्समधल्या एमिल बोदो या तारखात्यातल्या गृहस्थांनी १८७४ साली तारेच्या एका नव्या पद्धतीचे एकस्व घेतले. त्यांच्या यंत्राला पाचच कळा होत्या, दोन डाव्या हाताला आणि तीन उजव्या. कोणत्या कळा दाबल्या आणि कोणत्या सोडल्या यावरून अक्षर ठरे. पाच कळांच्या अशा बत्तीस तऱ्हा होतात. यंत्राच्या ठेक्यावर, पेटी वाजवावी तशी ती बोटे चालवावी लागत. पुढे १९०१ च्या सुमारास मूळचे न्यूझीलंडचे डोनल्ड मरे यांनी टंकलेखनयंत्रासारखा कळफलक आणला. कळ दाबली की कागदी पट्टीला भोके पडत आणि ती पट्टी तारेच्या यंत्रात घातली की मजकूर पलीकडे जाई. वारंवार येणाऱ्या अक्षरांना कमी भोके पडावीत, म्हणजे यंत्र कमी झिजेल, अशी योजना त्यांनी केली होती. आणि अक्षरांच्या जोडीला त्यांनी काही निराळ्या खुणाही ठेवल्या : ओळ संपली, आता गाडा मागे ने, कागद एक ओळ वर सरकव. म्हणजे कागदावर न उमटता यंत्राला काम सांगणारी अक्षरे! आपल्या कंट्रोलच्या कळेचे मूळ इथे आहे.

यानंतर साठ वर्षांत तारायंत्रे, टेलिप्रिंटर, संगणक अशी पुष्कळ यंत्रे आली आणि प्रत्येकाची बाराखडी वेगळी. तेव्हा १९६३ साली अमेरिकेत एक समाईक बाराखडी ठरवण्यात आली. तिचे नाव आस्की. तिच्यात एकंदर १२८ जागा आहेत. शून्यापासून एकतिसापर्यंतच्या पहिल्या बत्तीस जागा अक्षरांसाठी नाहीत. त्या यंत्राला द्यायच्या हुकुमांसाठी राखलेल्या आहेत. मग पुढे अंक, चिन्हे आणि अक्षरे. मोठा ए ६५ व्या क्रमांकावर, बी ६६ व्या, याप्रमाणे.

आता गंमत पाहा. कंट्रोलची कळ दाबून ठेवली आणि अक्षर दाबले, की त्या अक्षराच्या क्रमांकातून ६४ वजा होतात. म्हणजे ए चा झाला एक, बी चा दोन, सी चा तीन. अक्षर मुळाक्षरांत कितवे आहे, तेवढ्या क्रमांकाचा हुकूम सुटतो, गणित एवढेच! सातव्या जागेवर घंटा वाजवण्याचा हुकूम होता. सातवे अक्षर जी, म्हणून कंट्रोल-जी दाबले की पलीकडच्या टेलिप्रिंटरवर खरीखुरी घंटा वाजे. चौथ्या जागेवर 'संदेश संपला'; म्हणून कंट्रोल-डी. आजही काळ्या पडद्यावर कंट्रोल-डी दाबले की शेल आपला निरोप घेते. बाराव्या जागेवर 'नवे पान घे'. म्हणून कंट्रोल-एल, आणि आज त्याच कळांनी भरलेला पडदा पुसून कोरा होतो. कागद गेला, पण हुकूम राहिला.

आणि सतरावी जागा? तिथे आणि तिच्यापुढच्या तीन जागांवर जोडलेली साधने सुरू-बंद करण्याचे हुकूम होते. त्याच वर्षी, १९६३ मध्ये, टेलिटाइप कंपनीचे मॉडेल ३३ नावाचे यंत्र आले. त्याच्या एका प्रकाराला कागदी पट्टी वाचणारे साधन बाजूला जोडलेले असे. सतराव्या हुकुमाने ते साधन सुरू होई, एकोणिसाव्याने थांबे. इंग्रजी मुळाक्षरे बोटांवर मोजा : सतरावे अक्षर क्यू, एकोणिसावे एस. त्या यंत्राच्या क्यू कळेवर 'एक्स-ऑन' आणि एस कळेवर 'एक्स-ऑफ' असे कोरलेलेच असे. एसचा आणि 'स्टॉप'चा काही संबंध नाही. योगायोगाने ते जुळले आणि लक्षात ठेवायला सोयीचे म्हणून तोंडी रुळले. क्यूच्या वाट्याला असा योगायोग आला नाही. म्हणून तो सगळ्यांना कोड्यात टाकतो.

पण पट्टी थांबवणारी कळ माझा पडदा कशी थांबवते? त्याचे असे झाले की, पुढे कागदाच्या जागी काचेचे पडदे आले. कागदावर छापलेला मजकूर मागे जाऊन वाचता येई; पडद्यावरचा मजकूर मात्र वरच्या कडेवरून सरकून नाहीसा होई. वाचणाऱ्याला यंत्राला 'जरा दम धर' असे सांगण्याची गरज पडली. थांबवण्याची आणि सुरू करण्याची खूण तयारच होती; तीच कामाला आली. माझा पडदा त्या दिवशी बिघडला नव्हता. मी त्याला थांब म्हटले होते आणि तो इमानाने थांबून माझ्या पुढच्या शब्दाची वाट पाहत होता! आणि मी त्याची वीज तोडायला निघाले होते.

याच कुळातली आणखी एक खूण मला फार आवडली. आस्कीतल्या १२८ जागांपैकी शेवटची, १२७ व्या क्रमांकाची जागा खोडण्यासाठी ठेवली आहे. कागदी पट्टीवर एकदा पडलेले भोक बुजवता येत नाही. मग चुकीचे अक्षर खोडायचे कसे? पट्टी एक घर मागे घ्यायची आणि त्या ओळीतली सातही भोके पाडून टाकायची. सगळीच भोके असली की वाचणारे यंत्र ती जागा ओलांडून जाई. चूक झाकता येत नसली, तर ती पुरती भोकाडून निरुपद्रवी करायची. सात भोके म्हणजे १२७. दुसऱ्या कोणत्या जागी ही खूण बसूच शकली नसती.

आता बोटे वाचवण्याच्या खटपटीकडे वळू. न्यू जर्सीतल्या मरे हिल येथील बेल प्रयोगशाळेत १९६९ साली केन टॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स नावाच्या यंत्रणेचे काम सुरू केले. आजचे लिनक्स तिच्याच वळणावर बेतलेले आहे. त्या सुरुवातीच्या दिवसांत त्यांच्यापुढे पडदा नव्हता. ते मॉडेल ३३ वर काम करत. त्याच्या कळा जड, आवाज मोठा आणि वेग सेकंदाला दहा अक्षरे. दोन हजार अक्षरांचे एक पान छापायला तीन मिनिटे वीस सेकंद! जिथे अक्षर असे महाग, तिथे आज्ञांची भाषा तारेसारखी आटोपशीर व्हावी यात नवल काय? यादी दाखव म्हणायला 'एल-एस', नक्कल कर म्हणायला 'सी-पी', हलव म्हणायला 'एम-व्ही'. दोन अक्षरांत काम. काटकसर इतकी की, 'क्रिएट' या शब्दातले शेवटचे ई सुद्धा एका आज्ञेत गाळले गेले. पुन्हा संधी मिळाली तर काय बदलाल, असे टॉम्पसन यांना विचारले असता ते ई परत घालीन, असे ते म्हणाल्याची गोष्ट सांगतात.

पडदे आले आणि लिहिलेल्या ओळीत मागेपुढे फिरता येऊ लागले. मग कळांची दुसरी पिढी जन्मली. एमआयटी या विद्यापीठाच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रयोगशाळेत १९७६ साली रिचर्ड स्टॉलमन, गाय स्टील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ईमॅक्स हे लेखनाचे साधन घडवले. जो तो आपापल्या सोयीच्या कळा बसवून घेत होता, त्या साऱ्या गोळा करून त्यांना एक शिस्त लावली. या पिढीत मात्र अक्षरांना अर्थ आहे. कंट्रोल-ए म्हणजे ओळीचा आरंभ, कारण ए पहिले अक्षर. कंट्रोल-ई म्हणजे 'एंड', ओळीचा शेवट. एफ म्हणजे 'फॉरवर्ड', एक घर पुढे. बी म्हणजे 'बॅकवर्ड', एक घर मागे. सातवीतली माझी विद्यार्थिनी फसली ती इथे. पहिल्या पिढीत क्रमांकाने अक्षर निवडले होते, दुसऱ्या पिढीत अर्थाने. तिने पहिल्या पिढीतल्या एसला दुसऱ्या पिढीतला समजून त्याचा अर्थ लावला.

कधी कधी निव्वळ समोरच्या यंत्रामुळेही रीत पडते. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या विद्यापीठात बिल जॉय हे विद्यार्थी 'एडीएम-३ए' नावाच्या स्वस्त पडद्यावर काम करत. त्याला बाणांच्या वेगळ्या कळा नव्हत्या. एच, जे, के, एल या चार कळांवरच बाण छापलेले होते. म्हणून जॉय यांच्या 'व्ही-आय' या साधनात आजही लोक त्याच चार कळांनी फिरतात. त्याच कळफलकावर 'होम' हा शब्द आणि लाटेसारखी एक खूण एकाच कळेवर होती. म्हणून शेलमध्ये 'माझे घर' म्हणायला आजही ती लाट काढतात. तो पडदा केव्हाच अडगळीत गेला. त्याची लाट राहिली.

अर्धा शब्द लिहून टॅबची कळ दाबली की उरलेला शब्द यंत्र आपणच पुरा करते, ही सोय तर फारच सुखाची. तिचे मूळ केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स येथे बोल्ट, बेरानेक आणि न्यूमन या संस्थेने केलेल्या टेनेक्स या यंत्रणेत आहे. तिथून केन ग्रीअर यांनी ती बर्कलीच्या शेलमध्ये आणली. त्या शेलच्या नावातले टी हे अक्षर टेनेक्सची आठवण म्हणून आहे. पुढे १९८९ साली ब्रायन फॉक्स यांनी ग्नू प्रकल्पासाठी 'बॅश' ही शेल लिहिली आणि तिच्यात ईमॅक्सच्या कळा, टॅबची सोय आणि मागच्या आज्ञांची आठवण हे सारे एकत्र नांदू लागले. आज कंट्रोल-डब्ल्यू दाबले की मागचा एक शब्द पुसला जातो. कंट्रोल-यू दाबले की ओळ आरंभापर्यंत पुसली जाते. कंट्रोल-आर दाबून दोनचार अक्षरे लिहिली की पूर्वी कधी दिलेली आज्ञा पुढे येऊन उभी राहते. आर हे अठरावे अक्षर. मॉडेल ३३ वर त्याने पट्टीला भोके पाडणारे साधन सुरू होई. जुन्या धन्याचा कारखाना मोडला आणि तो नव्या धन्याकडे 'रिव्हर्स', म्हणजे उलटा शोध, या कामावर रुजू झाला.

या साऱ्यात सोसणारे एकच, ते म्हणजे डाव्या हाताची करंगळी. मॉडेल ३३ वर आणि पुढे १९८१ च्या आयबीएमच्या घरगुती संगणकावरही कंट्रोलची कळ ए च्या अगदी शेजारी होती; करंगळी जरा सरकवली की पुरे. पुढे १९८० च्या दशकाच्या मध्यावर आलेल्या त्यांच्याच नव्या कळफलकाने ती खालच्या कोपऱ्यात नेली आणि तिच्या जागी मोठ्या अक्षरांची कळ आणून बसवली. तीच मांडणी जगभर पसरली. कळा ज्या हातासाठी ठरल्या होत्या तो हात तोच राहिला. घर मात्र बदलले.

आणि एक गोष्ट लिहिताना मन थोडे जड होते. त्या १२८ जागांत आपल्या अक्षरांना एकही जागा नव्हती. मॉडेल ३३ ला तर इंग्रजी लहान अक्षरेसुद्धा येत नसत, तिथे आपला ळ आणि ज्ञ कुठून येणार? भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाची बाराखडी ठरली, तिचे प्रमाण रूप १९९१ साली आले, आणि त्याच साली निघालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला आपल्या हक्काच्या जागा मिळाल्या. आज मी हा लेख देवनागरीत लिहू शकते तो त्यामुळे. पण 'क्षि' हे आपले एक अक्षर यंत्राच्या लेखी चार तुकड्यांचे असते : क, हलन्ताची खूण, ष आणि वेलांटी. आपण ते एका श्वासात म्हणतो. यंत्र मात्र ते चारदा मोजते.

हे सगळे एका शनिवारी मी सातवीच्या वर्गात सांगितले. फळ्यावर इंग्रजी मुळाक्षरे लिहिली आणि मुलांकडून मोजून घेतली. सतराव्याला सगळा वर्ग 'क्यू!' म्हणून ओरडला. ती मुलगी पहिल्या बाकावर गप्प बसून वहीत काहीतरी मांडत होती. मी जवळ जाऊन पाहिले तर तिने आपल्या नावातल्या अक्षरांचे क्रमांक काढले होते.

"बाई," तिने विचारले, "सतराव्या जागेवर हे लिहायचं, असं कोणी ठरवलं? त्यांचं नाव काय?"

मी म्हटले, "ते कोणा एकाचं काम नव्हे. समिती होती. पुष्कळ माणसं बसून ठरवत होती."

तिला ते फारसे पटलेले दिसले नाही. मलाही सांगताना थोडे अपुरे वाटले. एखाद्या टेबलाशी बसलेल्या माणसांनी पट्टी वाचणाऱ्या यंत्राची सोय पाहिली आणि साठ वर्षांनी एका शाळेतली शंभर नावे त्यामुळे वाचली. हे त्यांच्या स्वप्नातही नसेल. घरात आजीने सांगितलेली एखादी रीत आपण पाळतो, तिचे कारण विसरतो आणि मग एक दिवस ती निरर्थक म्हणून टाकून देतो. मीही त्या दिवशी तेच करायला निघाले होते. हात विजेच्या बटणापर्यंत गेलाच होता. 'कसे' ते ठाऊक असणाऱ्या मुलीने यादी वाचवली. 'का' ते सांगण्याचे ऋण माझ्याकडे राहिले होते.

सोमवारी ती शाळेत आली ती सरळ माझ्यापाशीच.

"बाई, दादाला फोन केला होता. त्याला मी सगळं सांगितलं."

"मग काय म्हणाला?"

"आधी खोटं वाटलं त्याला. मग मी म्हटलं, मोज. त्यानं फोनवरच मोजलं." ती हसली. "मग म्हणाला, आता डी म्हणजे काय ते सांग."

"सांगितलंस?"

"हो," ती म्हणाली, "चौथी जागा. संदेश संपला."